तव्यावरची तंबाखू

भारतात सर्वांत जास्त लोक तंबाखूचा कोणता प्रकार वापरतात, असं विचारलं तर बरेच जण गुटखा म्हणतील, उरलेले बिडी किंवा सिगारेट. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत उत्तर वेगळंच आलं. १५ वर्षांवरच्या भारतीयांपैकी ११.२ टक्के लोक चुना लावून मळलेली तंबाखू खात होते. बिडी ओढणारे ७.७ टक्के, गुटखा खाणारे ६.८ टक्के आणि सिगारेटवाले ४ टक्के. मळलेली तंबाखू आता तयार पुडीतही मिळते, पण मुळात ती खाणाराच करतो. पान त्याने आणलेलं, चुना त्याच्या डबीतला, मळणारा अंगठाही त्याचाच.

त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. धूर काढणारे फक्त ३.८ टक्के, बिनधुराची वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा तंबाखूचा प्रश्न जवळजवळ सगळा गालात आणि हिरड्यांवर आहे. त्यातल्या बऱ्याच तंबाखूवरचा शेवटचा संस्कार कारखान्यात होत नाही. तो होतो तळहातावर, चुलीवरच्या तव्यावर, नाहीतर प्लॅस्टिकच्या पन्नीवर. आपले कर, इशाऱ्याची चित्रं, बंदीचे हुकूम आणि छापे मात्र पुडीभोवती फिरतात. आणि पानाला अधिक जहाल करणाऱ्या ज्या क्रिया आहेत, त्यांपैकी दोन, चुना लावणं आणि भाजणं, नेमक्या घरातच होतात. घरचं ते शुद्ध हा हिशेब लोणच्याला लागू पडतो, तंबाखूला नाही. या लेखात पुडीकडे पाठ करून घरातल्या तंबाखूकडे बघायचं आहे.

तंबाखूचं पान मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते आपल्या किनाऱ्यावर उतरलं आणि दख्खनमध्ये लवकर रुजलं. अकबराच्या पदरी असलेला असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून परतताना तंबाखू आणि ती ओढायची नळी बादशहासाठी घेऊन गेला, तेव्हा उत्तरेच्या दरबाराला ही नवलाई होती. या एका व्यसनात तरी दख्खनने दिल्ली-आग्र्याला मागे टाकलं होतं म्हणायचं. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तिचं जे व्हायचं तेच झालं. ओढण्याबरोबरच खाण्याची रीत पसरली, कारण पान-सुपारी-चुना इथे आधीपासून होताच. चंचीत कप्पे तयार होते, त्यात आणखी एक भरला एवढंच.

बेळगाव जिल्ह्यातली निपाणी हे मराठी माणसाच्या लेखी तंबाखूचं गाव. तिथला मुख्य माल बिडीचा. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी भावासाठी तिथे रस्त्यावर बसले, तेव्हा हे पीक व्यापाऱ्यांच्या किती मुठीत आहे ते सगळ्यांना दिसलं. खाण्याच्या तंबाखूचा व्यापार सांगली-जयसिंगपूरकडेही आहे. शेतातली एक गोष्ट मात्र इथे सांगायला हवी. झाड फुलावर यायला लागलं की शेतकरी शेंडा खुडतो, मग बगलेतले फुटवे काढतो. निकोटिन तयार होतं मुळांत आणि वर चढतं पानांत. शेंडा गेला की झाडाची सगळी ताकद पानांत उतरते. पान कडक होतं ते शेतातच.

पुढची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तोडलेली पानं वाळतात, ढिगात रचली जातात, आतून तापतात, रंग आणि वास धरतात. या काळात पानांवरचे जिवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचा पानातल्या अल्कलॉइडांशी संयोग होऊन नायट्रोसामाइन नावाची संयुगं तयार होतात. त्यांतली दोन, एनएनएन आणि एनएनके, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातली आहेत. याच संस्थेने बिनधुराच्या तंबाखूवरच्या आपल्या २००७ च्या ग्रंथात कर्करोगकारक म्हणून २८ द्रव्यं मोजली. म्हणजे पोत्यातून किलोवर घेतलेलं, बिनमसाल्याचं, बिनसुगंधाचं पान पिशवीत घालून घरी आणलं, तरी त्याच्याबरोबर हे सगळं घरात येतं. कारखान्याने काही मिसळलं नाही म्हणून पान निर्दोष ठरत नाही. विष मिसळावं लागतच नाही.

आता तळहात. उजव्या हाताने चिमूटभर तंबाखू डाव्या तळव्यावर घ्यायची, काड्या-देठ वेचून टाकायचे, डबीतून नखाएवढा चुना घ्यायचा आणि अंगठ्याने मळत राहायचं. मळता मळता गप्पा. तंबाखूचा रंग जरा उजळतो, वास उग्र होतो, मग दुसऱ्या हाताने दोन-तीन टाळ्या द्यायच्या की वरची धूळ आणि जादा चुना उडतो, शेजारचा शिंकतो. राहिलेल्याचा बार खालच्या ओठाआड. चिमूट मागायला कुणी लाजत नाही आणि द्यायला कुणी नाही म्हणत नाही. एरवी जातपात काटेकोर पाळणाऱ्या गावांतही बांधावर बसल्यावर तंबाखूची देवघेव चालते. हे व्यसन टिकण्यामागे निकोटिनइतकाच या देवघेवीचा हात आहे, असं माझं मत आहे.

चुन्याचं काम चवीचं नाही, रसायनाचं आहे. आम्लाच्या बाजूला असलेल्या पानात निकोटिन क्षाराच्या रूपात बांधलेलं असतं, तोंडाच्या त्वचेतून ते सहज आत शिरत नाही. सामू ८ च्या आसपास गेला की निम्मं निकोटिन मोकळं होतं, त्याच्या वर गेला की बहुतेक सगळं. ओल्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो. मळणाऱ्याला सामू ठाऊक नसतो, पण ‘चुना लागल्याशिवाय चढत नाही’ हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हाच चुना तोंडाच्या आतली त्वचा पोळतो, तिचा वरचा थर सैल करतो आणि पानातल्या बाकीच्या द्रव्यांना वाट करून देतो. वर्षानुवर्षं बार भरणाऱ्याचा खालचा ओठ दंतवैद्याने उलटून पाहिला की बार जिथे बसतो नेमक्या त्याच जागी पांढरट, सुरकुतलेला चट्टा दिसतो. डाव्या बाजूला ठेवणाऱ्याचा डावीकडे, उजव्या बाजूला ठेवणाऱ्याचा उजवीकडे. कारण आणि परिणाम इतके शेजारीशेजारी बसलेले वैद्यकात फार वेळा सापडत नाहीत.

अमेरिकेत सुट्या पानाची खायची तंबाखू काकवी आणि ज्येष्ठमध लावून गोड करतात. गालात मोठा बोळा धरायचा, पचापचा थुंकायचं, अशी तिची तऱ्हा. आपल्याकडे गोडव्यापेक्षा चुन्याची धार महत्त्वाची ठरली.

हे झालं पुरुषांचं, निदान प्रामुख्याने. बायकांची तंबाखू वेगळ्या वाटेने आली आणि ती वाट स्वयंपाकघरातून जाते. मशेरी. कुठे मिसरी म्हणतात, कुठे मिश्री. कोकणापासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत आणि तिथून मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांपर्यंत ती पोचलेली आहे.

बाजारातून काळी, जाडीभरडी, स्वस्त तंबाखू आणायची. उन्हात घालून कडकडीत करायची, काड्या आणि माती निवडून काढायची. भाजायला एक जुना लोखंडी तवा वेगळा ठेवलेला असतो. भाकरीच्या तव्यावर मशेरी कुणी भाजत नाही, कारण वास महिनाभर जात नाही. काही घरांत खापर. आच मंद. सुरुवातीला पान नुसतं कुरकुरतं, मग खकाणा उठतो आणि घरातली पोरं खोकत अंगणात पळतात. भाजणारी पदर नाकाला लावून उलथन्याने पान वरखाली करत राहते. एक जागा जळली आणि दुसरी कच्ची राहिली तर मशेरी बिघडली. आधी तपकिरी रंग येतो. काहीजणी तिथेच थांबतात. काहींना काळीच हवी असते, मग पान जवळजवळ कोळशाच्या रंगावर जाईपर्यंत आच चालू राहते. निवली की हाताने चुरायची, खलबत्त्यात नाहीतर पाट्यावर बारीक करायची, फडक्यातून चाळायची आणि डबीत भरायची. आठवड्या-दोन आठवड्यांची बेगमी एका भाजणीत होते. शेजारणीला त्यातली वाटीभर जाते. तिची भाजणी झाली की परत येते.

लावायची रीत साधी. तर्जनीवर घ्यायची, दातांवरून आणि हिरड्यांवरून फिरवायची, आणि मग बसायचं. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास. तोंडात थुंकी साठते, ती टाकायची, मग चूळ. सकाळी एकदा हा दात घासण्याचा भाग. मग जेवणानंतर एकदा, दुपारी काम आवरल्यावर एकदा, निजताना एकदा. सासुरवाशिणीला दिवसभरात हक्काने टेकायला मिळतं ते बहुधा एवढंच, आणि ‘मशेरी लावतेय’ म्हटलं की कुणी उठवत नाही. मशेरी सोडा म्हणून सांगणाऱ्यांनी या बसण्याचा विचार फारसा केलेला दिसत नाही.

डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत घरोघर जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाहणीत ३९ टक्के बायका मशेरी लावत होत्या आणि पुरुष एक टक्काही नाहीत, ०.८ टक्के. तंबाखूच्या एखाद्या प्रकारात बायका पुरुषांच्या इतक्या पुढे असणं विरळाच. उघड कारण असं की बाईने चारचौघांत तंबाखू मळणं वाईट दिसायचं, पण दात घासणं वाईट कसं दिसेल? तंबाखू दंतमंजनाच्या रांगेत जाऊन बसली आणि व्यसनाच्या यादीतून तिचं नाव गळलं. आजही गावातल्या एखाद्या मावशीला विचारा, उत्तर ठरलेलं: ‘तंबाखू? न्हाय गं बाई, मी कुठं खाते! सकाळची मशेरी तेवढी लावते.’ तिचं बोलणं खोटं नसतं.

पुढे १९९० च्या दशकात प्रकाश गुप्ता यांच्या चमूने मुंबईत ३५ वर्षांवरच्या ९९,५९८ जणांची नोंद केली. हातात मावणाऱ्या संगणकांवर दारोदार माहिती भरण्याचा तो त्या काळातला धाडसी प्रयोग होता. त्यांत ६९.३ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या. बायकांची जवळजवळ सगळी बिनधुराची, आणि तिच्यात मशेरीचा वाटा मोठा. शहरात आलं की जुनी सवय सुटते हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. गावाकडून मुंबईला आलेल्या बाईबरोबर तिचा तवाही आला होता. पुढच्या पिढीत मात्र प्रमाण उतरलेलं आहे. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रात १७ टक्के बायका कुठली ना कुठली तंबाखू वापरत होत्या. वयोगट आणि भाग वेगळे असल्यामुळे दोन आकडे सरळ वजाबाकीला लावता येत नाहीत, पण दिशा दिसते.

सवय लागते कशी, याची कारणं घरोघर तीच ऐकू येतात. दाढ दुखत होती, आजीने बोटावर घेऊन लावली. लग्नानंतर सासू लावायची, म्हणून मीही. पोटाशी असताना मळमळत होतं. आणि एकदा लागली की ‘मशेरीशिवाय पोट साफ होत नाही.’ या शेवटच्या तक्रारीला शरीरशास्त्राचा आधार आहे: निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते, आणि शरीराला रोज त्या धक्क्याची सवय झाली की तो न मिळाल्यावर बद्धकोष्ठ होतं. दाढेचंही थोडंफार तसंच. हिरडीवर घासलेल्या तंबाखूने ठणका तात्पुरता दबतो, कीड आत आपलं काम करत राहते. दंतवैद्याकडे जायला हवं होतं तेव्हा मशेरीने भागलं, आणि दात गेला तेव्हा दोष वयाला.

‘भाजल्यावर सगळं मरतं ना?’ हा प्रश्न हटकून येतो आणि त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. स्वीडनमध्ये स्नूस नावाची ओली तंबाखू वरच्या ओठाआड ठेवतात. तिथले कारखाने दळलेल्या पानात पाणी आणि मीठ घालून ते बंद भांड्यात वाफेच्या उष्णतेने तापवतात. त्यात जिवाणू मरतात, नायट्राइट होणं थांबतं, आणि पुढे माल थंड जागी ठेवल्याने नायट्रोसामाइन वाढत नाहीत. स्नूस घरी करण्याचे तयार संचही तिथे मिळतात.  म्हणजे उष्णतेने तंबाखूतलं एक विष कमी ठेवता येतं हे खरं. पण ती उष्णता ओली, बंद आणि मापातली असते, आणि जिवाणूंना वेळ मिळण्याआधी दिलेली असते. आपल्या तव्यावर येणारं पान महिनोन्महिने ढिगात आणि पोत्यात राहून आलेलं असतं. त्यातली संयुगं आधीच तयार झालेली असतात. वर कोरड्या तव्यावर पान जळतं, आणि पान जळलं की धुरात सापडणारी डांबरवर्गीय द्रव्यं, बेंझोपायरिनसारखी, त्या भुकटीतच राहतात. मशेरी म्हणजे धूर न ओढता धुराचा काही भाग हिरडीला चोळणं. निकोटिन उरतं ते वेगळंच. आणि स्नूसचीही तरफदारी नको. तीही एकदा लागली की सुटत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात तपकिरी आणि काळी अशा दोन्ही मशेरींवर काम झालं. त्यांच्या अर्कांनी पेशींच्या जनुकांत बदल घडवले आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत गाठी दिसल्या. थोडी भाजली किंवा फार भाजली तर निर्धोक होईल, अशी कुठलीही पायरी तिथे सापडली नाही.

कर्करोग म्हटलं की लोक घाबरतात, पण तो वीस-तीस वर्षांनी येतो आणि तितक्या लांबच्या भीतीने सकाळची सवय मोडत नाही. मशेरीचा एक परिणाम मात्र नऊ महिन्यांत दिसतो. गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा केला आणि २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो छापला. त्यांपैकी १७.१ टक्के बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, बहुतेकजणी मशेरी. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि गर्भकाळ सरासरी ६.२ दिवसांनी कमी भरला. १०५ ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं. पण आपल्याकडे अडीच किलोच्या रेषेवर टेकलेली बाळं भरपूर. रेषेच्या जरा वर असलेलं बाळ जरा खाली येणं म्हणजे दूध ओढायची ताकद कमी, जंतुसंसर्गाचा धोका जास्त, कधी काचेच्या पेटीत मुक्काम. गरोदरपणात मळमळीवर उपाय म्हणून जी लावतात, तीच असं करते.

आता पन्नी. विदर्भातला खर्रा आणि इतरत्र मिळणारा मावा यांत तंबाखूच्या जोडीला सुपारी येते, आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. बारीक सुपारी, तंबाखू, चुना, थोडं पाणी, हे सगळं प्लॅस्टिकच्या तुकड्यात घेऊन घोटत राहायचं, एकजीव होईपर्यंत. ठेल्यावर घोटून मिळतो तसा घरीही घोटतात. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. तिखट लागलं की आग होते ही पहिली खूण, आणि उभी तीन बोटं तोंडात मावत नाहीत ही पुढची. विशी-पंचविशीतली पोरं या अवस्थेत दवाखान्यात येतात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या नावाने दारू आणि तंबाखूविरुद्ध जिल्हाभर मोहीम चालवली. गावोगावच्या बायकांच्या संघटना हा तिचा कणा आहे. मला त्यातली पटलेली गोष्ट अशी की गावाच्या ठरावाचा धाक पन्नीपर्यंत पोचतो. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक तिथपर्यंत पोचत नाही.

सरकारी बाजू थोडक्यात बघू, कारण तिच्यात विसंगती भरपूर. १९४३ पासून कच्च्या तंबाखूवर केंद्रीय उत्पादन शुल्क होतं आणि शेतकऱ्याच्या कोठारापर्यंत निरीक्षकाचा पाय पोचायचा. १९७९ मध्ये ते शुल्क निघालं. शेतकऱ्याची कटकट संपली ते बरंच झालं, पण सुटं पान नजरेआडही झालं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पानाला ५ टक्के आणि तयार खाण्याच्या तंबाखूला २८ टक्के अधिक उपकर असे दर लागले. कर वाढवून व्यसन महाग करायचं हे धोरण पुडीवर चालतं. चिमटीत मावणाऱ्या स्वस्त पानावर ते फारसं चालत नाही. उलट पुडी महागली की माणूस पुन्हा पान मळायला बसतो.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. उत्पादक न्यायालयात गेले, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. आणि तरी २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात ‘तंबाखू असलेली दंतमंजनं’ हा प्रकार तंबाखूच्या पदार्थांत मोजलेला आहे. एका कायद्याने जे असू नये, दुसऱ्याने त्याच्या वेष्टनावर इशारा हवा म्हणायचं! कारखान्यातलं तंबाखूचं मंजन असं दोन कायद्यांत सापडलं. घरी भाजलेलं एकातही नाही. महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाला २०१२ च्या जुलैत बंद केला, पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, खर्रा, मावा त्या यादीत घातले. गोव्याने गुटख्याचं पाऊल २००५ मध्येच टाकलं होतं. २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेट-बिडीची विक्री थांबवली, आणि त्यामागचा युक्तिवाद रास्त होता: सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचं इशाऱ्याचं चित्र दिसत नाही. पोत्यातून कागदात बांधून मिळणाऱ्या तंबाखूला हा युक्तिवाद शब्दशः लागू आहे, पण तो तिथे कुणी नेलेला नाही. २०१८ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक पाकिटावर व्यसन सोडण्यासाठीच्या मोफत दूरध्वनीचा क्रमांक, १८००-११-२३५६, छापलेला असतो. मशेरी लावणाऱ्या बाईच्या हाती पाकीट येतच नाही.

स्वयंपाकघरात पोलीस पाठवा असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. तव्यावर बंदी घालता येत नाही. प्रचाराचा सूर मात्र बदलायला हवा. तंबाखूविरोधी जाहिरातींतले चेहरे पाहा: बहुतेक पुरुष, बहुतेक गुटखा नाहीतर सिगारेट. २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या शरद पवारांनी आपल्या सवयीबद्दलचा पश्चात्ताप उघड बोलून दाखवला, आर. आर. पाटील २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगानेच गेले. या नावांनी पुरुषांच्या कट्ट्यावर चार क्षण शांतता होते. मशेरीच्या बाजूला असं एकही नाव नाही. २०२० च्या अंदाजानुसार देशात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण निघतात. त्यांत बायकाही आहेत, पण त्या पडद्यावर येत नाहीत.

सुरुवात विचारण्यापासून करता येईल. गरोदर बाईची नोंद करताना ‘तंबाखू-दारूचं व्यसन आहे का?’ असा एकच प्रश्न विचारला, की उत्तर ‘नाही’ येतं आणि रकाना भरला जातो. ‘मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?’ असं विचारलं की उत्तर बदलतं. सर्वेक्षणवाल्यांना हे कळलेलं आहे. त्यांच्या प्रश्नावलीत मशेरी, गुल, गुडाखू अशा दातांना लावायच्या तंबाखूंची नावं घेऊन विचारतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कागदावरही ती नावं असायला हवीत.

सोडताना पहिला आठवडा वाईट जातो: चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही, पोट जड. हे आधीच सांगितलं तर बाई घाबरून परत डबीकडे जात नाही. पोटासाठी भरपूर पाणी, पालेभाजी, सकाळी कोमट पाणी, दाढेसाठी दंतवैद्य, आणि दात घासायला ब्रश, नाहीतर कडुनिंबाची काडी. एकदम जमत नसेल तर निजतानाची वेळ आधी सोडायची, कारण रात्रभर तोंडात राहणारी मशेरी सर्वांत वाईट. निकोटिनचं च्युइंगगम औषधांच्या दुकानात मिळतं, पण गरोदर बाईने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दात हलायला लागणं, यांतलं काहीही दिसलं तर तोंड तपासून घ्यायचं. सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेला तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा बरा होतो.

आणि आशाताई घरी गेली की तिने आणखी एक प्रश्न विचारावा: घरात मशेरी कोण भाजतं? बहुतेक घरांत ती एकच बाई असते, बहुधा सासू नाहीतर आजी, आणि बाकीच्या तिच्या डबीतूनच घेतात. शेजारच्या दोन-तीन घरांचीही भाजणी तिच्याच तव्यावर होत असते. सुनेला तंबाखूचे दुष्परिणाम समजावून सांगण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा या आजीशी बोलण्यात घालवावा. तिला नातवंडाच्या वजनाचं पटतं.